लहेरियाची कप्तान

मंगलताई पगारेचा विषय निघाला की आमच्याकडे माणसं आधी हसतात. मगदल्ल्याच्या जेट्टीवर हसतात, उधन्याच्या चहाच्या लारीवर हसतात, आणि मग कुणीतरी सुरू करतं, "अरे ती? भलती तापट बाई!" तिने कस्टमच्या माणसाला कसं झापलं, क्रेनवाल्याला कसं खाली उतरवलं, एका शेठला भर समुद्रात कसं रडकुंडीला आणलं. किस्से खरे आहेत. त्यातल्या बऱ्याच वेळा मी तिथे हजर होतो, आणि काही वेळा झापला गेलेला माणूस मीच होतो. पण ती का चिडली होती, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर हसायचं कसं?

तेवढ्यासाठी हे लिहायला बसलो आहे. माझंही डोकं ठिकाणावर नाही, हे आधीच सांगतो.

मी बोटींच्या इंजिनांची कामं करतो. आमची माणसं अमळनेरकडची. वडील लूमवर आले आणि डिंडोलीत राहिले. ताईचं घर आमच्यापासून जवळच, नवागामला. तिचा बाप धुळ्याकडून येऊन रेल्वेत गँगमन झाला, उधना यार्डात त्याचा जन्म गेला. आई पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये साड्यांच्या घड्या घालायची. अशा घरातली पोरगी कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात गेली ती केवळ गणवेश पांढरा होता म्हणून, असं ती सांगायची. तापीत शिडाची होडी चालवायला शिकली. बापाला पोहता येत नव्हतं. तो घाटावर उभा राहून ओरडायचा, "मंगल, काठावरून चालव!" तिने काही काठावरून चालवली नाही. गोव्याला जाऊन शिडाच्या बोटी शिकवायला लागली, मग परदेशी लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवायला लागली, परीक्षा देत देत कप्तानाचा परवाना मिळवला. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "माझ्या जोडीला रात्रीचा वॉच करील असा भेटला नाही. सगळे झोपाळू."

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या वर्कशॉपमध्ये. बुटकी, काळी, खांदे पैलवानासारखे, उन्हाने भुरके झालेले आखूड केस. दारातूनच तिने माझ्या हातातल्या पान्याकडे बघितलं आणि ओरडली, "तुन्हा डोया कोठे शेतस रे? पाना ठेवतो तो इंजिनावर ठेवतो? उद्या आत पडला म्हणजे?" सुरतेत कामाच्या जागी कुणी अहिराणीत ओरडलं की आमच्या माणसाला राग येत नाही, घरी गेल्यासारखं वाटतं. मी पाना उचलला. ती म्हणाली, "मी चिडले नाही. मी सांगतेय." मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या. हे वाक्य पुढे मी रोज ऐकलं. ती जितकी चिडायची तितक्या मोठ्याने ते म्हणायची.

ती आली होती बिपिनशेठच्या बोटीच्या कामासाठी. शेठची पांडेसऱ्याला साड्यांची मिल, वयाच्या पन्नाशीत त्यांना समुद्राचा नाद लागला. शिडाची सुरेख पांढरी बोट घेतली, साडीवरच्या लाटांच्या नक्षीवरून नाव ठेवलं 'लहेरिया'. बोट असायची गोव्याला. त्यांना तिच्यातून एका रॅलीत उतरायचं होतं: वेगवेगळ्या देशांच्या शिडाच्या बोटी एका दिवशी गोव्याहून निघणार, मालदीवला थांबणार आणि तिथून हिंदी महासागर ओलांडून सेशेल्सला पोहोचणार. शर्यत नव्हे, पण कोण आधी पोहोचतं ते सगळे बघतातच. शेठना कप्तान पाहिजे होता. ताईला बोट पाहिजे होती. इतकी वर्षं तिने दुसऱ्या कप्तानांच्या हाताखाली समुद्र ओलांडले होते. स्वतःच्या हुकमाखाली ही पहिलीच बोट. शेठकडे तिने माझं नाव सांगितलं. "इंजिनवाला माझा पाहिजे," म्हणाली, "तो ओरडून घेतो."

बोटीवर आम्ही पाच जण. ताई, शेठ, शेठचे साले आणि धंद्यातले भागीदार किरीटभाई, मी, आणि शेठच्या घरचे महाराज. महाराज म्हणजे स्वयंपाकी. साठीचा बामण माणूस, तापीच्या पुलावरून जातानासुद्धा डोळे मिटणारा. शेठना घरच्या दाळ-भाताशिवाय चालत नाही म्हणून त्याला आणला होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी गोव्याला सगळ्या बोटींच्या लोकांचा जेवणाचा कार्यक्रम झाला. तिथे शेठनी भाषण केलं. आधी इंग्रजीत, मग आमच्यासाठी हिंदीत. "दरिया के सामने ना कोई छोटा, ना कोई बड़ा." टाळ्या पडल्या. नंतर आइसक्रीम खाता खाता किरीटभाईंनी ताईला विचारलं, "मंगलबेन, पगारे एटले केवा?" म्हणजे कोणत्यातले?

"बौद्ध," ताई म्हणाली. "धुळ्याकडचे. बाप गँगमन होता." आणि आइसक्रीम खात राहिली.

बोटीवर प्रत्येकाला प्लास्टिकचा एकेका रंगाचा मग होता. भांडी कमी धुवायला लागावीत म्हणून सगळ्याच बोटींवर असं करतात. ताईचा पिवळा. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना चहा आला तेव्हा पिवळा मग नव्हता. तिच्यासाठी स्टीलचा पेला आला, आणि चहा पिऊन झाल्यावर महाराजांनी तो बाकीच्यांत ठेवला नाही. केबिनच्या दाराबाहेर एक नवा हूक मारलेला होता, त्याला अडकवला. स्टीलची थाळीही वेगळी. शेठ हसून म्हणाले, "बेन, तमे तो कप्तान! तमारा माटे स्पेशल स्टील."

ताई दोर सोडायला पुढे गेली. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर जो दिनक्रम सुरू झाला तो ज्याने समुद्र फक्त डुमसच्या किनाऱ्यावरून पाहिला आहे त्याला कळायचा नाही. तिथे दिवस नसतो, पाळ्या असतात. तुमची पाळी आली की सुकाणूपाशी बसायचं, वारा बघायचा, शीड बघायचं, क्षितिजावर जहाज दिसतं का ते बघायचं. पाळी संपली की ओल्या कपड्यांनिशी बिछान्यात पडायचं. पडून जाऊ नये म्हणून बिछान्याला कापडाची भिंत बांधलेली. शेगडी झुलती, बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं, पण समोरचा माणूस कलतो. अंघोळ बादलीभर खाऱ्या पाण्याने. केसांत मीठ, कानांत मीठ, उशीला बुरशीचा वास. बटाटे सडले की सगळ्या बोटीला कळतं. सकाळी डेकवर उडते मासे येऊन मेलेले असायचे आणि महाराज नाक धरून, चिमट्याने उचलून, एकेकाला परत समुद्रात सोडायचे. वर "जा बापा, जा" म्हणायचे. सकाळ-दुपार रेडिओवर हजेरी. रॅलीचा माणूस एकेका बोटीचं नाव घ्यायचा, आपण आपली जागा सांगायची, सगळ्या बोटी ती ऐकायच्या.

या सगळ्यावर ताईचा आवाज. डेकवर जाताना कमरेचा पट्टा अडकवला नाही की आवाज. दोर गुंडाळून ठेवला नाही की आवाज. गोडं पाणी जास्त सोडलं की खालून आवाज: "ती तापी आहे का?" किरीटभाई सकाळी दाढी करायचे. तिने त्यांचा आरसाच काढून घेतला. म्हणाली, "सेशेल्सला देते." ती नेहमी बरोबर असायची असं मुळीच नाही. एकदा वरची खिडकी उघडी राहिली आणि लाट सरळ माझ्या बिछान्यावर आली. तिने मला खूप बोलून घेतलं. खिडकी तिनेच उघडली होती, हे तिलाही नंतर आठवलं. सॉरी म्हणणं तिच्या तोंडात बसत नव्हतं. तिने स्वतःची कोरडी चादर माझ्या अंगावर फेकली आणि दुसऱ्याच कशावरून तरी माझ्यावर ओरडायला लागली. आणि आपल्याला बोट कधी लागत नाही, अशी फुशारकी मारायची. तिला लागायची. ओकून यायची, तोंड पुसायची आणि म्हणायची, "वडा खराब होता."

महाराजांना मात्र बोट भयंकर लागली. गोव्याचा किनारा दिसेनासा झाला आणि त्यांनी जे ओकायला सुरुवात केली ते उठेचनात. शेठ आणि किरीटभाई वास सहन होईना म्हणून डेकवर जाऊन बसले. मी इंजिनात होतो. ताईने महाराजांना मांडीवर घेतलं. त्यांची ओकारी पुसली, सदरा बदलला, तो धुतला. पोटात पाणी ठरत नव्हतं, तर साखर-मीठ घालून घोट घोट पाजलं, आणि ते तिच्याच स्टीलच्या पेल्यातून, कारण तोच हाताशी लटकत होता. महाराज तिचा हात घट्ट धरून "बेन, मने घेर लई जाओ" म्हणत रडत होते. ती त्यांच्यावरही ओरडत होती. "पी! अजून पी! मरायचं तर सुरतेत जाऊन मर, माझ्या बोटीवर नाही!"

दोन-तीन दिवसांनी महाराज उठले, नाहले, डाळ शिजवली. आणि पेला गेला हुकावर. ताट वेगळं वाढलं.

त्या दिवशी मी इंजिनाशेजारी बसून तिला म्हणालो, "ताई, हे तुला दिसतं का?"

"पहिल्या घोटाला दिसलं," ती म्हणाली.

"मग बोलत का नाहीस? माझ्यावर एका पान्यावरून बोलतेस."

ती ऑइलची कांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "बंदरात बोलले असते तर दुसरा कप्तान आणला असता. गोव्यात दहा बसलेत. निकम, मला ही बोट न्यायचीय. पोहोचू दे." जरा वेळाने म्हणाली, "माझी आई मिलमध्ये बाटली घेऊन जायची. घरनं. तिथल्या माठाला हात लावायला नको म्हणून. मी तिला घाबरट म्हणायचे."

एवढं बोलून ती वर गेली आणि दोर नीट नाही म्हणून शेठना झापायला लागली.

मालदीव मागे पडलं. विषुववृत्तापाशी वारा मरतो, आणि मग एकदम काळा ढग येतो, त्याच्याखाली वारा वेड्यासारखा सुटतो. त्या सकाळी असे ढग एकामागून एक आले. ताई पहाटेपासून सुकाणूवर होती. आमच्यातल्या कुणाच्या हाती चाक द्यायची तिला छाती नव्हती. पाऊस तोंडावर खडे मारल्यासारखा लागत होता. शेवटचा ढग गेला, ऊन पडलं, तेव्हा तिचे ओठ पांढरे झालेले होते. शेजारच्या खोबणीत पाण्याने भरलेला एक मग होता. तिने उचलला आणि गटागटा प्याली.

मग निळा होता. किरीटभाईंचा.

किरीटभाई बघत होते. त्यांनी महाराजांकडे बघितलं आणि नुसती हनुवटी हलवली. ताई शिडाकडे तोंड करून उभी होती. महाराजांनी तो मग दोन बोटांत उचलला आणि बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन पाण्यात टाकला.

प्लास्टिकचा मग बुडत नाही. ताई वळली तेव्हा तो आमच्या मागे लाटेवर वर-खाली होत होता, निळा, उन्हात चकचकीत. तिने मगाकडे बघितलं, महाराजांकडे बघितलं, किरीटभाईंकडे बघितलं. मग ती अशी ओरडली, तशी मी तिला कधी ऐकली नव्हती.

"माणूस पाण्यात!"

ही आरोळी झाली की काय करायचं ते तिने आमच्याकडून घटवून घेतलं होतं. विचार करायचा नाही, हात चालवायचे. मी उडी मारून शिडाच्या दोरावर गेलो, शेठनी तरंगतं कडं फेकलं, तिने चाक गरगरा फिरवलं, शिडं फडफडली, सगळी बोट जागच्या जागी वळली. शेठ घाबरून मोजत होते, कोण गेलं, कोण गेलं. सगळे तर बोटीवरच होते.

"किरीटभाई," ताई म्हणाली, "ती लांब दांड्याची आकडी घ्या. पट्टा अडकवा. बाहेर वाका. आणि तो मग काढा."

"शुं गांडपण छे आ? हा काय वेडेपणा?" किरीटभाई म्हणाले.

"काढा!"

त्यांनी काढला. दोन वेळा आकडी चुकली, दोन्ही वेळा तिने बोट पुन्हा वळवून मगापाशी आणली. तिसऱ्या वेळी तो हाती आला. ओला मग घेऊन किरीटभाई उभे राहिले, काय करावं ते त्यांना सुचेना.

मग ताईने पुढचं शीड उलट्या बाजूला ताणलं आणि सुकाणू बांधून टाकलं. असं केलं की शिडाची बोट पुढे जात नाही. पाण्यावर बसल्यासारखी जागच्या जागी डुलत राहते. वादळात बोटी अशा थांबवतात. तेव्हा वादळ नव्हतं. स्वच्छ ऊन होतं, आणि नेमका चांगला वारा सुरू झाला होता.

"आता बोट इथेच," ती म्हणाली. "आजपासून सगळे मग, सगळ्या थाळ्या एका बादलीत. पाळीने सगळे धुणार. मी पण. आजची पाळी किरीटभाईंची. ती झाली की शीड घेऊ."

शेठ समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बेन, मन पर ना लेशो. मी हे काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. महाराज जुना माणूस, त्यांचं आपलं..."

इतका वेळ खाली मान घालून बसलेले महाराज ताडकन उठले. "मारो शो वांक?" माझा काय दोष, असं ते ओरडत होते. "शेठ, तमे ज कह्युं हतुं ने, एनुं जुदुं राखजे, बेनचं वेगळं ठेव! मी विचारलं होतं, मी बेनच्या पेल्यातलं प्यालो, आता काय, तर तुम्ही म्हणालात, बीमार हता, चाले. मने शुं खबर पडे?" मग ताईकडे वळून हिंदीत म्हणाले, "बेन, मेरे को पानी में नहीं मरना. मैं सबका धो देगा. बोट चलाओ."

"महाराज, बसा खाली," ताई म्हणाली. "तुमची पाळी उद्या."

शेठचा चेहरा तेव्हा बदलला. आवाजही. "आ बोट मारी छे," ते म्हणाले.

"तुमचीच आहे. जीव माझ्या ताब्यात आहेत. दुसरा कप्तान दिसतो का कुठे? बोलवा."

चहूकडे पाणी. शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी शिडाच्या दोराची गाठ तपासत होतो. ती घट्टच होती.

दुपार झाली, हजेरीची वेळ आली. रेडिओवर आमचं नाव पुकारलं गेलं आणि रॅलीच्या माणसाने विचारलं, लहेरिया, इथे नकाशावर तुम्ही सकाळपासून एकाच जागी दिसताय, काही मोडलं आहे का? शेठ खाली धावले. पण ताई आधीच तिथे होती. ती इंग्रजीत बोलली, सावकाश, शाळेत धडा वाचावा तशी. लहेरियावर सगळे सुखरूप आहेत. काही मोडलेलं नाही. बोट मी थांबवली आहे. मी ज्या मगातून पाणी प्याले तो माझ्या जातीमुळे समुद्रात फेकण्यात आला. हे मिटेपर्यंत बोट हलणार नाही.

पलीकडून तो माणूस म्हणाला, कृपया पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द तसाच.

रेडिओ खरखरत राहिला. कितीतरी बोटी ऐकत होत्या. वेगवेगळ्या देशांची माणसं, सकाळी एकमेकांना माशांचे आणि हवामानाचे विनोद सांगणारी. एकही आवाज आला नाही. मग त्या माणसाने घसा साफ केला आणि पुढच्या बोटीचं नाव घेतलं.

ताईने रेडिओचा माईक जागेवर ठेवला. तिने इंजिनाच्या झाकणावर एक बुक्की मारली आणि वर निघून गेली. एवढंच तिचं रडणं.

उन्हात आम्ही सगळे डेकवर बसलेलो. लांबवर एक शीड दिसलं, आमच्या बाजूने पुढे गेलं. मग आणखी एक. किरीटभाई खाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. शेठ दोन्ही शिडं नजरेआड होईपर्यंत बघत राहिले. मग उठले, समुद्रातून बादलीभर पाणी काढलं, उकिडवे बसले आणि मग धुवायला लागले. लाल, हिरवा, पांढरा, तो निळा. महाराज तोंडात धोतराचा बोळा धरून बघत होते. शेठना भांडी घासताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ताईचा पेला शेठनी सगळ्यांत शेवटी घेतला. त्याला पाणीही कमीच वापरलं. पण धुतला, आणि बाकीच्यांबरोबर पालथा घातला.

"बस?" ते म्हणाले.

"पाळी किरीटभाईंची होती," ताई म्हणाली. "उद्या दोन वेळा." आणि माझ्याकडे वळून ओरडली, "बघत काय बसलास? शीड घे!"

सेशेल्सपर्यंत सगळ्यांनी भांडी घासली. किरीटभाईंनीसुद्धा. मला वाटलं, जिंकलो. मी मूर्ख. मोकळ्या समुद्रात दुसरा कप्तान मिळत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, यापेक्षा जास्त काही घडलेलं नव्हतं.

बंदराला लागलो त्याच संध्याकाळी शेठनी तिला विमानाचं तिकीट दिलं. परतीला दुसरा कप्तान मुंबईहून निघालेलाही होता. त्या रात्रीच्या जेवणात इतर बोटींच्या लोकांनी शेठना विचारलं, वाटेत काय झालं होतं? शेठ हसले. म्हणाले, आमची कप्तान फार उत्तम, फक्त डोकं गरम. एका मगासाठी भर समुद्रात बोट उभी केली! सगळे हसले. त्यांच्यापैकी कित्येकांनी रेडिओ ऐकलेला होता. त्यांना हसायला कारण हवं होतं, ते शेठनी दिलं.

सुरतेत सत्कार झाला तेव्हा तर तो किस्सा चांगला तयार झालेला होता. वातानुकूलित हॉल, हार, शाली, पडद्यावर फोटो. सुकाणूवरच्या फोटोत शेठ उभे; चाकावरचा दुसरा हात मनगटापर्यंत दिसत होता, पुढे फोटो कापलेला. तो हात कुणाचा ते मला माहीत होतं. अंगठ्यावर दोराने पडलेला घट्टा होता. शेठनी भाषणात मगाची गोष्ट सांगितली, नक्कल करून, डोळे वटारून, "माणूस पाण्यात!" अख्खा हॉल पोट धरून हसला. ताईला बोलावलंच नव्हतं. महाराज माझ्या बाजूला भिंतीशी उभे होते. ते हसले नाहीत. पण तेही काही बोलले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही; त्यांना त्याच घरात दुसऱ्या दिवशी डाळ शिजवायची होती.

तेव्हापासून सुरतेत ती 'मगवाली बेन'. तापट. माथेफिरू. गोव्यातल्या मालकांपर्यंत हे पोहोचलं. कप्तानाचं काम तिला मिळेना. पुन्हा दुसऱ्यांच्या हाताखाली बोटी पोहोचवणं सुरू झालं.

गेल्या हिवाळ्यात ती नवागामला आली होती, एक फाटलं शीड घेऊन. पांडेसऱ्याला ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारखान्यात ते शिवून घेतलं. तिथे कारागिरावर ओरडत दिवसभर उभी राहिली आणि शेवटी स्वतःच मशीनवर बसली. संध्याकाळी वर्कशॉपवर आली. चहा पिता पिता म्हणाली, "बिपिनशेठचा फोन आला होता. त्या मुंबईवाल्याने बोट खडकावर घासली. पुढच्या रॅलीला चल म्हणतात. सगळं तुझ्या मनासारखं, म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, येते. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर सांगा की बोट का थांबली होती. तेवढं एक करा, मी उद्या निघते." तिने चहा संपवला. "फोन कट केला."

मी काहीतरी शिवी दिली.

"बोट चांगली होती रे निकम," ती म्हणाली. "वारा आला की कशी उठायची, आठवतं? तिच्यात काही वाईट नव्हतं." आणि एकदम भडकली. "हाच राग येतो मला! त्यांचा नाही. मी फोनवर हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सुरत स्टेशनवर सोडायला गेलो. शिडाचं बोचकं दोन माणसांएवढं. आम्ही दोघांनी ते कसंबसं गोव्याच्या गाडीत चढवलं, तर दारातली सगळी जागा अडली. आतून एक जाडसर गृहस्थ आला आणि हिंदीत म्हणाला, हे काय गोणपाट आणलंय, उतरवा खाली, माणसांनी जायचं कुठून? ताईने आधी बोचक्यावर बसकण मारली. मग कंबरेवर हात ठेवून त्याला सुरुवात केली. हे गोणपाट नाही, हे शीड आहे, तुझ्या घरापेक्षा मोठं आहे, आणि माणसांनी कुठून जायचं हे मला शिकवू नको. तो म्हणाला, "आप इतना ग़ुस्सा क्यों हो रही हैं?"

गाडी हलली. मी हात वर केला, तिचं लक्षच नव्हतं. ती त्या माणसाच्या तोंडापुढे बोट नाचवत उभी राहिली होती आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली होती. डबा फलाटाबाहेर गेला, शेवटचा डबाही गेला, तरी मला तिचा आवाज ऐकू येत होता.